मुलं उतरायलाच तयार होत नाहीत

सहल कंपनीच्या त्या कार्यालयात दोन काउंटर होते, आणि दोन्हींवर दिवसभरात एकच प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा यायचा. तो भावाचा नसे, तारखेचाही नसे. "मुलांना आवडेल का हो?" हा तो प्रश्न. विचारणारे आईबाप असायचे आणि ज्यांच्याबद्दल विचारलं जायचं ती मुलं शेजारच्याच खुर्चीत मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असायची. त्यांनाच विचारावं, हे मात्र कुणाला सुचत नसे.

पहिल्या काउंटरवरच्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंचं उत्तर ठरलेलं होतं. त्या पेन खाली ठेवायच्या, जराशा पुढे झुकायच्या आणि गुपित सांगावं तशा म्हणायच्या, "आवडेल का काय विचारता? आमची अडचण वेगळीच आहे. शेवटच्या दिवशी मुलं जहाजावरून उतरायलाच तयार होत नाहीत!"

या एका वाक्यावर शेकडो कुटुंबं समुद्रात गेली होती. ताईंनी स्वतः मात्र जहाज फक्त भिंतीवरच्या पोस्टरात पाहिलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं तरी निदान उंट लागतो. ताई फिरत्या खुर्चीवरून हाकत होत्या.

एकदा एका चिकट बापाने विचारलं, "तुमची मुलं गेली होती का?"

ताईंनी घाईघाईने माहितीपत्रक पुढे सरकवलं. नेमके मागून कंपनीचे साहेब जात होते. त्यांनी ते ऐकलं, आणि साहेबांनी काही ऐकलं की त्याची योजना होत असे.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही काउंटरवाल्यांना आत बोलावलं. "दोघींनी सहकुटुंब जाऊन यायचं. वेगवेगळ्या आठवड्यात, कंपनीच्या खर्चाने. येताना आपापल्या मुलांचा छोटासा व्हिडिओ आणायचा. मुलांनी स्वतःहून सांगायला हवं की मजा आली. एकदम नैसर्गिक! बाहेरच्या पडद्यावर लावू. आणि जिचा व्हिडिओ सरस, ती शाखाप्रमुख."

शाखाप्रमुखांची काचेची खोली मागच्या वर्षापासून रिकामी होती. ताई गेली बारा वर्षं त्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघत केस सारखे करत होत्या. आता त्यांना काचेच्या पलीकडे बसायचं होतं.

दुसऱ्या काउंटरवर जुळ्यांची आई होती. तिची जुळी सहा वर्षांची, हस म्हटलं की हसणारी आणि बस म्हटलं की बसणारी. ती ताईंकडे पाहून गोड हसली. ताईंनी मात्र हसण्याची घाई केली नाही, कारण ताईंच्या घरी महाराणी होती.

महाराणी हे नाव तिला तिच्या बाबांनी ठेवलं होतं. वय पंधरा. बोलणं तीन शब्दांत: 'हं', 'नको' आणि 'काय?'. धाकटा नऊ वर्षांचा भुंगा तिच्या वाटणीचं बोलणंही स्वतःच उरकायचा. आणि बाबा, म्हणजे ताईंचे यजमान, प्रयोगशाळेत बसून दातांच्या कवळ्या बनवायचे. जगातल्या कुठल्याही हसण्याकडे ते धंद्याच्या नजरेने बघत.

ताईंनी जेवताना बातमी सांगितली.

"जहाज बुडतं का?" भुंग्याने आशेने विचारलं.

"नेट आहे का?" महाराणीने विचारलं.

"समुद्र आहे," ताई म्हणाल्या.

"नको."

"अगं, लोक यासाठी वर्षभर पैसे साठवतात!"

"मग त्यांना पाठव."

"अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी."

बाबा घास चावत म्हणाले, "हसू पाहिजे ना तुला दोघांचं? माप देतो. कवळ्या करून घेऊ."

*

जहाज पोस्टरातल्यासारखंच होतं, आणि ताईंना वाटलं की निम्मी लढाई जिंकली. पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, तीन पोहण्याचे तलाव होते, आइस्क्रीमचं न थांबणारं यंत्र होतं. भुंगा घसरगुंडीवर एकदाच गेला. मग तो तलावाच्या काठाशी बसून राहिला, कारण जहाज डावीकडे कलताना तलावातलं पाणीही डावीकडे का चढतं, हे त्याला पक्कं करायचं होतं.

"भुंग्या, इकडे बघ. सांग बरं, मजा येतेय ना?" ताईंनी मोबाइल धरला.

"आई, पाणी कलत नाहीये. पाणी सरळच आहे. आपण कललोय!"

"बरोबर. पण मजा?"

"थांब ना, मोजतोय."

महाराणीच्या वयाच्या मुलांसाठी 'टीन लाउंज' नावाची खास जागा होती. तिथे जांभळे दिवे आणि जमिनीवर फेकून दिल्यासारख्या दिसणाऱ्या महागड्या गाद्या होत्या. उलटी टोपी घातलेला पस्तिशीचा एक गृहस्थ तिथे नेमला होता. कुणीही आत आलं की तो ओरडायचा, "काय मंडळी! धमाल?" मुलांनी पहिल्याच तासात त्याचं नाव धमालदादा ठेवलं आणि दुसऱ्या तासात तिथे जाणं बंद केलं. जगभरातल्या पंधरा वर्षांच्या माणसांचं दुसऱ्या कशावर एकमत होणार नाही. पण 'ही जागा खास तुमच्यासाठी' असं लिहिलेल्या जागेत जायचं नाही, यावर आहे.

ताईंनी हार मानली नाही. डेकवर, जेवणाच्या दालनात, सूर्य मावळताना, जादूगाराच्या शेजारी, जिथे तिथे त्यांनी महाराणीला उभं केलं. महाराणी एरंडेल प्यायल्यासारख्या चेहऱ्याने म्हणायची, "मजा आली." बाबा मागून मोबाइलमध्ये डोकावून निकाल द्यायचे.

"नुसती वरची कवळी. खालचा जबडा हललाच नाही."

"तुम्ही गप्प बसा हो!"

"डोळ्यांच्या कडेला सुरकुती पडली की खरं हसू. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात."

"मग पाडा ना सुरकुती! तुमचीपण मुलगी आहे."

तिसऱ्या दिवशी ताईंनी शेवटचं हत्यार काढलं. त्या महाराणीजवळ बसल्या आणि काचेच्या खोलीची सगळी गोष्ट खरीखरी सांगितली. महाराणीने मोबाइल बाजूला ठेवून ऐकून घेतलं, हेच विशेष. मग म्हणाली, "म्हणजे तुला प्रमोशन मिळावं म्हणून मी आनंदी व्हायचं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. महाराणी उठून गेली, आणि त्यानंतर ती दिसेनाशीच झाली. भुंगाही दिसेनासा झाला. जेवायला यायची, भराभर गिळायची आणि दोघंही पसार. मोबाइल मात्र खोलीतच पडलेला असायचा. ते पाहून ताईंनी हिशेब मांडला. पंधरा वर्षांची मुलगी मोबाइल टाकून जाते, म्हणजे काहीतरी भयंकर घडत असणार.

पाचव्या दिवशी स्वागतकक्षातून बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी बाई अतिशय नम्र होत्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मॅडम, आपल्या मुलीबद्दल तक्रारी आल्या आहेत. ती प्रवाशांना शॉक देते."

"तोंडाने देते ती घरीपण. काय बोलली?"

"बोलली नाही, मॅडम. विजेचा शॉक. बोटाने."

ताई धावतच नवव्या मजल्यावर गेल्या. जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, खाली जाड गालिचा. पोस्टरात कधीही न येणारी जागा. चादरींच्या ढकलगाडीमागे थांबून ताईंनी डोकावून पाहिलं.

दहा-बारा मुलं हातात हात धरून, पायात नुसते मोजे घालून, गालिच्यावर पाय घासत येत होती. कुणी भुंग्याएवढी, कुणी मिसरूड फुटलेली. सगळ्यांचे केस पिंजलेल्या कापसासारखे उभे. सर्वांत पुढे महाराणी. ती चक्क व्याख्यान देत होती.

"पाय उचलायचे नाहीत! एसीने हवा कोरडी झालीय, म्हणून चार्ज टिकतो. कुणी दाराच्या कडीला हात लावला तर सगळं गेलं! जितके जास्त जण, तितकी मोठी ठिणगी."

"आणि शॉक कुणाला बसतो?" एका लंबूने विचारलं.

"जो शेवटी लोखंडाला हात लावतो त्याला. सगळ्यांचा एकट्याला."

ताई थक्क झाल्या. विजेच्या याच धड्यात, शाळेतल्या बाईंच्या शब्दांत सांगायचं तर, महाराणीने 'शाळेचा नीचांक' गाठला होता.

लिफ्टजवळचा कोपरा अंधारा होता. महाराणीने बोट स्टीलच्या दाराकडे नेलं. चट्! निळी ठिणगी उडाली. महाराणी किंचाळली, मग सगळी रांगच किंचाळली, आणि मग ती हसली. पोट धरून, खाली बसून, नाकातून आवाज काढत हसली. लहानपणी हसायची तशी. दोन वर्षांत ताईंनी ते हसू पाहिलं नव्हतं. सुरकुतीच काय, डोळेच दिसेनासे झाले होते.

ताईंचा हात आपोआप मोबाइलवर गेला. कॅमेरा उघडला. चौकटीत ते हसू आलं. त्याबरोबर काचेची खोली, फिरती उंच खुर्ची, दारावरची पाटी, सगळंच आलं. आता फक्त लाल ठिपका दाबायचा होता.

तेवढ्यात महाराणीने वर पाहिलं. तिला मोबाइल दिसला. हसू एकदम मावळलं नाही, पण त्याने परतीची वाट धरलेली ताईंना दिसली.

ताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि चपला काढल्या.

"मोजे नाहीत माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

भुंग्याने लगेच खिशातून जोडी काढली. "बाबांचे आहेत. धुतलेले नाहीत."

"आई, शेवटी दाराला हात तू लाव," महाराणी म्हणाली.

सगळ्यांचा शॉक एकटीला. घरचीच पद्धत, ताईंच्या मनात आलं. पण चट् झालं तेव्हा त्याही किंचाळल्या, आणि एवढ्या मोठ्याने की तीन दारं उघडली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लाउडस्पीकरवर घोषणा झाली: "आज चार वाजता, नववा मजला, ठिणगी महोत्सव! धमाल!"

तक्रारींची दखल घेताना व्यवस्थापनाला कळलं होतं की मुलं कशात तरी रमली आहेत, आणि मुलं व्यवस्थापनाशिवाय रमतात हे कुठल्याच व्यवस्थापनाला खपत नाही. चार वाजता कॉरिडॉरला फुगे लावले होते. प्रत्येक मुलाच्या मनगटाला पट्टा बांधला, आईबापांच्या सह्या घेतल्या आणि सुरक्षेसाठी रबरी तळाच्या चपला वाटल्या. शिवाय कुणाला इजा नको म्हणून गालिच्यावर वीज साठू न देणारा फवाराही मारून ठेवला होता. महोत्सवाची तयारी चोख होती. फक्त ठिणगी तेवढी पडत नव्हती.

"ठिणगी कुठाय?" धमालदादा माइकमध्ये ओरडत होता. "मला ऐकू येत नाही! ठिणगी कुठाय?"

मुलं दोन मिनिटं उभी राहिली. मग एकेक करून खिशातून मोबाइल बाहेर आले.

*

शेवटच्या सकाळी उतरण्याच्या रांगेत भुंगा सर्वांत पुढे होता. ताई रेलिंगला टेकून उभ्या होत्या. पर्समधल्या मोबाइलमध्ये दाखवण्यासारखा एकही व्हिडिओ नव्हता. जुळ्यांची आई मागच्याच आठवड्यात जाऊन आली होती.

महाराणी जवळ आली. "चल, घे."

"काय?"

"व्हिडिओ. लवकर, उजेड चांगलाय."

तिने केस मागे सारले, समुद्राकडे पाठ केली आणि हात पसरले. "मला आधी यायचंच नव्हतं! पण आता उतरावंसंच वाटत नाहीये!" मग ती हसली. दात, डोळे, मान, सगळं जागच्या जागी.

ताईंनी लाल ठिपका दाबून चित्रण थांबवलं. बाबांनी डोकावून पाहिलं.

"कवळी आहे," ते हळूच म्हणाले. "पण पहिल्या प्रतीची. इतक्या मायेने बसवलेली मी नाही पाहिली."

साहेबांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "बघा! याला म्हणतात नैसर्गिक! हे शिकवून येत नाही." जुळ्यांचा व्हिडिओ त्यांनी नापास केला. जुळ्यांना जहाज खरोखरच आवडलं होतं; पण सांगताना एक अडखळला, दुसऱ्याच्या नाकाला शेंबूड होता, आणि दोघं एकाच वेळी आइस्क्रीमच्या यंत्राबद्दल बोलत सुटले. "फार कृत्रिम वाटतं," साहेब म्हणाले.

ताई काचेच्या पलीकडे गेल्या. तिथून त्यांना बाहेरचा पडदा दिसतो. महाराणी दिवसभर त्यावर हात पसरून हसत असते.

परवाच एक आईबाप त्यांच्या खोलीत आले. सोबत चौदा वर्षांचा मुलगा, मान मोबाइलमध्ये. "त्या व्हिडिओतली मुलगी तुमची ना?" आईने विचारलं. "मग तुम्हीच सांगा. याला आवडेल का?"

ताईंनी पेन खाली ठेवलं, जराशा पुढे झुकल्या आणि ओठांवर जुनं वाक्य आलं. ते तिथेच अडलं. "पैसे भरायची खिडकी बाहेर आहे," त्या म्हणाल्या, "तारखाही तिथेच बघा. याला बसू दे इथे."

आईबाप गेल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने नाइलाजाने मान वर केली.

"लोकरीचे मोजे घेऊन जा," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तिथे काही गंमत सापडली, तर मोठ्या माणसांना सांगायचं नाही. परत आल्यावर मलासुद्धा नाही."

मुलाने पहिल्यांदाच मोबाइल उलटा ठेवला. "का? काय आहे तिथे?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "लांबलचक कॉरिडॉर आहे."