वाहनतळावरून नेपाळ

मी एक जुनी प्रवासी बस आहे. मित्रांनो, सुरतेहून मी सहा वेळा नेपाळला जाऊन आले, पण पशुपतिनाथाचं देऊळ कसं आहे असं मला विचाराल, तर मला सांगता येणार नाही. तिथल्या वाहनतळावर माकडं फार आहेत आणि ती वायपर ओढतात, एवढंच मी सांगू शकेन. पोखऱ्याचा फेवा तलाव मला दिसला नाही, कारण मधे एका हॉटेलची भिंत येते. बसचा जन्म असाच असतो. ती लोकांना पाहण्याच्या जागेपर्यंत नेते आणि पाठ करून उभी राहते.

आता मी सुरतेजवळ कोसाडच्या एका मोकळ्या प्लॉटवर पडून आहे. शाळा सुटली की तुम्ही येता, माझं स्टिअरिंग फिरवता, तोंडानं हॉर्न वाजवता. म्हणून हे तुम्हाला सांगते.

माझा जन्म १९८४ सालचा. नुसता सांगाडा आणि इंजिन असलेली मी फार लांबून आले. मला चालवत आणणाऱ्याच्या डोक्यावर छप्परसुद्धा नव्हतं. कांबळं गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून तो एका लाकडी खोक्यावर बसला होता. कामरेजच्या हायवेवर काशिनाथ मिस्त्रीनं माझं अंग बांधलं. पस्तीस सीटा बसवल्या, खिडक्यांना काचा लावल्या. पेंटरनं दोन्ही कुशींवर बर्फाचे डोंगर काढले. बर्फ त्यानं कधी पाहिला नव्हता, त्यामुळे ते डोंगर नुकत्याच चुना दिलेल्या भिंतींसारखे दिसायचे. पण लोक थांबून बघायचे. "गाडी छे के मंदिर!" म्हणजे ही गाडी आहे की देऊळ, असं माझे मालक भूपेंद्रभाई सगळ्यांना सांगायचे. ते दिवस कौतुकाचे होते.

पहिली वर्षं मी लग्नाची वऱ्हाडं वाहिली. सापुताऱ्याला गेले, वणीला गेले, शिर्डीला तर किती वेळा, ते मोजलंच नाही. १९९४ च्या भाद्रपदात सुरतेत प्लेगची बातमी पसरली, तेव्हा मी आठवडाभर फक्त माणसं बाहेर नेली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं पस्तीसच्या जागी नव्वद बसत होती. धुळ्याला, नंदुरबारला त्यांना उतरवायचं आणि रिकामं परत यायचं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तेव्हापासून माझ्यातही काहीतरी बधिर झालं असावं. इंजिन चालायचं, चाकं फिरायची, पण रस्ता मला जाणवेनासा झाला.

दरवर्षी दिवाळी झाली की मी नेपाळला जायची. वीस दिवसांची सहल, टपावर भांडीकुंडी आणि आचारी बरोबर. ही सहल निवृत्त शिक्षक सुधाकरसर काढायचे. सर मनानं चांगले. पण माईक हातात आला की प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलायचे, "उतरा, उतरा! हे पाहिलं नाही तर नेपाळ पाहिलंच नाही!" लुंबिनीला तेच, पोखऱ्याला तेच, स्वयंभूनाथाच्या पायऱ्यांखालीही तेच. माझा चालक सुकदेव मूळचा शहाद्याकडचा. तो माईक ऐकून गालात हसायचा आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपून जायचा.

आता १९९६ ची गोष्ट सांगते.

त्या वर्षी सतरा आणि अठरा नंबरच्या सीटा सुरतेतल्या डिंडोलीच्या हिलाल आणि उषाबाई या जोडप्याच्या नावानं लिहिल्या होत्या. हिलाल कापडाच्या यंत्रमागांवर काम करायचा. बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे तो घरीही ओरडूनच बोलायचा. सरांनी वाटलेलं सहलीचं माहितीपत्रक त्यानं मागाशेजारच्या भिंतीला चिकटवलं होतं. त्यातली सगळी नावं त्याला पाठ होती. रोज संध्याकाळी जेवताना तो ती बायकोला म्हणून दाखवायचा. आणि श्रावणात एके दिवशी तो मागाजवळ खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याचे माग मात्र कुणीतरी येऊन बंद करेपर्यंत चालूच होते.

निघायच्या दिवशी त्यांचा मुलगा लखन आईला घेऊन आला. माझ्या पायरीशी उभा राहून तो सरांशी बोलला, ते मी ऐकलं.

"सर, आईला न्या. ती बोलत नाही. ताट वाढलं तर जेवते. अजून रडलीपण नाही."

"अरे लखन, पण वर्ष व्हायच्या आत? तुमचे भाऊबंद काय म्हणतील?"

"म्हणू द्या. दिवसभर भिंतीकडे बघत बसते, सर. बघायचंच आहे तर तिथलं तरी बघेल."

उषाबाई चढली आणि सतरा नंबरवर बसली. अठरा नंबर, खिडकीजवळची, तिनं रिकामी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी तिथं आपली ब्लँकेटं ठेवायला सुरुवात केली. तिनं कुणाला अडवलं नाही.

चार दिवसांनी आम्ही सरहद्द ओलांडली. लुंबिनी आली. सरांनी माईक घेतला, सगळे उतरले. उषाबाई उतरली नाही.

"माले नई देखनं, सर. तुम्ही जा," एवढंच ती म्हणाली. खानदेशी माणसं घरात बोलतात ती अहिराणी बोली तिची. मला काही पाहायचं नाही, असं ती सांगत होती.

पुढेही तेच झालं. बँकेत नोकरी करणाऱ्या जयश्रीताई मागच्या सीटवर होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांब आलात, निदान देवदर्शन तरी घ्या." उषाबाईनं मान हलवली आणि बसून राहिली. मग त्याही बोलेनाशा झाल्या. उतरताना कुणीतरी हळूच म्हणालं, "दगड आहे बाई." ते तिला ऐकू गेलं. मला वाटलं तिला लागेल, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

अशा रीतीनं आम्ही तिघं वाहनतळावर राहायचो, ती, सुकदेव आणि मी. पोखऱ्याला हॉटेलच्या भिंतीमागे मी उभी असताना सुकदेवनं डब्यातली भाकरी तिच्यापुढे केली.

"आक्का, तुम्ही का नाही जात?"

"तू कसाले नई जास?"

"मी काय, मी दरवर्षीच येतो."

"मंग कधी देखं का?"

सुकदेवनं डोकं खाजवलं. "नाही," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर नाही पाहिलं."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग थांबून थांबून ती बोलली. ही सगळी नावं लखनच्या बापाची आहेत, ती म्हणाली. त्यानंच ती पाठ केली होती. त्याला खिडकी पाहिजे होती. त्याचं त्याच्याशिवाय मी एकटीनं पाहून कसं टाकू? सुकदेवनं उठून अठरा नंबरवरची ब्लँकेटं उचलली आणि मागच्या बाकावर नेऊन ठेवली.

मित्रांनो, आता मला माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्षी माझा हँडब्रेक नीट पकडत नव्हता. त्याचं लायनिंग, म्हणजे घट्ट धरून ठेवणारं आतलं अस्तर, पार झिजलं होतं. सुकदेवनं निघण्याआधी मालकांना दोनदा सांगितलं होतं. भूपेंद्रभाई वाईट माणूस नव्हते, पण ऐन हंगाम होता. "आवीने करावी लेशुं, सुकदेवभाई," ते म्हणाले. म्हणजे, आल्यावर करून घेऊ. मोठ्या माणसांशी मला बोलता येत नाही. मी फक्त चढावर थोडी मागं सरकून दाखवायची.

पोखऱ्याहून काठमांडूला जाताना शेवटच्या घाटात एक वळण आहे. तिथून हिमालयाची अख्खी रांग दिसते म्हणतात. सकाळचे दहा वाजले होते. सरांनी माईक घेऊन नेहमीचं वाक्य म्हटलं आणि सगळे कॅमेरे सावरत उतरले. पुढे चढ होता, म्हणून सुकदेवनं इंजिन चालूच ठेवलं, हँडब्रेक ओढला आणि तोही पाय मोकळे करायला खाली गेला. रोज तो चाकाखाली दगड लावायचा. त्या दिवशी विसरला.

मी मागे सरकले. आधी अगदी हळू. स्वतःला थांबवायला माझ्यापाशी काहीच नव्हतं. उषाबाई आत होती. काचेबाहेरचे लोक पुढे पुढे जाऊ लागले, तसं तिला कळलं. तिनं दोन्ही हातांनी अठरा नंबरचा दांडा धरला आणि ती ओरडली. इतक्या दिवसांत तिचा तेवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"ओ लखनना बाप! धरा ना!"

रस्त्याच्या कामासाठी कडेला खडीचा ढीग टाकलेला होता. माझं मागचं चाक त्यात रुतलं आणि मी थांबले. ढिगाच्या पलीकडे दरीच होती. ती मात्र मला दिसली, कारण माझी मागची काच तिच्याकडे होती.

सुकदेव धावत आला आणि रस्त्यावर मटकन खाली बसला. उषाबाई पायऱ्या उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पाहण्याच्या जागी ती पहिल्यांदाच उतरली होती.

"तुले माहीत व्हतं का?"

"होतं, आक्का. शेठला सांगितलं होतं मी."

"माहीत व्हतं, तरी गाडी आणी?"

"आणली. शेठ आल्यावर करू म्हणाले. नोकरी आहे, आक्का."

मग उषाबाई म्हणाली, "त्यानी छाती दुखे. आठ दिन दुखत व्हती. नेपाळहून उनात की डॉक्टरले दखाडू, म्हने." आणि खाली बघत म्हणाली, "माले माहीत व्हतं, भाऊ. मी बी हा म्हनी दिनं."

म्हणजे, हिलालच्या छातीत आठ दिवस दुखत होतं. नेपाळहून आल्यावर डॉक्टरला दाखवू, असं तो म्हणाला. तिला माहीत होतं आणि तीही बरं म्हणाली होती.

एवढं बोलून ती सुकदेवच्या शेजारी मातीत बसली आणि रडू लागली. आवाज न दाबता रडली. ज्यांनी तिला दगड म्हटलं होतं, तेही जवळ येऊन उभे राहिले. जयश्रीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांच्या पाठी हिमालयाकडे होत्या. ती शांत झाली तेव्हा डोंगरांवर ढग आले होते. त्या दिवशी हिमालय कुणीच पाहिला नाही.

सुकदेव म्हणाला, आता ब्रेक झाल्याशिवाय मी काठमांडूच्या पुढे गाडी नेणार नाही. सरांनी त्याची बाजू घेतली. सुरतेला फोन लावून ते मालकांना एवढंच म्हणाले, "भूपेंद्रभाई, गाडी इथंच उभी राहील." माझ्या कामाला दीड दिवस लागला. त्यात भक्तपूर राहून गेलं, पण कुणी कुरकुर केली नाही. बाकीचे पायी बाजारात हिंडत होते. उषाबाई गॅरेजच्या दारात एका डब्यावर बसून होती. मेकॅनिकनं जुनं लायनिंग काढलं, नवं रिबिटांनी ठोकलं, आवळलं, ओढून पाहिलं. तिनं त्याला पुन्हा ओढायला लावलं. अख्ख्या नेपाळात मन लावून तिनं पाहिली ती एवढीच एक गोष्ट.

परत आल्यावर डिंडोलीच्या नाक्यावर लखन उभा होता. त्यानं आईची पिशवी घेतली.

"आई, काय काय पाहिलं?"

"गाडीना ब्रेक बसाडताना देखा," ती म्हणाली. लखन हसला, तिनं थट्टा केली असं त्याला वाटलं. ती हसली नाही. तिनं त्याचं मनगट धरलं. "लखन, तुले कुठे काई दुखस का रे?"

"नाही आई. का?"

"दुखनं ते त्याच दिन सांगजो. माले फसाडजो नको."

ती दोघं गल्लीत शिरली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

नव्या ब्रेकवर मी आणखी दोन वर्षं चालले. मग मोठ्या काचांच्या, मऊ सीटांच्या नव्या गाड्या आल्या. मला शेवटी मजूर नेण्याच्या कामाला लावलं आणि एके दिवशी इथं आणून ठेवलं. बॅटरी गेली, सीटा गेल्या, मग टायर गेले. कुशीवरचे डोंगर उन्हानं पोपडे धरून गळाले. याचं मला फारसं काही वाटत नाही. कधी वाटायला हवं होतं, तेही आता आठवत नाही.

पण एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. मित्रांनो, लपाछपी खेळताना तुम्ही माझ्या पोटाखाली शिरता. टायर काढल्यापासून मला विटांच्या थरांवर ठेवलं आहे. परवा रात्रीच्या वाऱ्यापासून डाव्या बाजूच्या दोन विटा सरकल्या आहेत. कुणाला ते दिसत नाही, पण मला कळतं. आत्तापासूनच माझ्याखाली शिरू नका, आणि आज घरी गेल्यावर, जेवायच्याही आधी, मोठ्या माणसांना हे सांगा.