गच्चीवरची टिटवी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तीनदा दिली आणि तिन्ही वेळा मी ती पुढे ढकलली. चौथ्यांदा ते चिडले. "वासंतीताई, आता लांबवलंत तर उजवा डोळा हातचा जाईल. आणि नंतर आठ दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही." वाकायचं नाही म्हणे! घरात अर्धांगाचा माणूस असताना डॉक्टरांनाही काय सुचतं बघा.

ह्यांना, म्हणजे आत्मारामना, अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून अंघोळ, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं मी एकटी करत होते. मुलगा सुयोग म्हणायचा, "आई, तू ऑपरेशन करून मावशीकडे जा ना. मी सुट्टी टाकतो." मी म्हणायचे, "तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तू काय बाबांना सांभाळणार?" मग तो गप्प बसायचा. लोकांना गप्प बसवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

एप्रिलमध्ये सिल्व्हर पार्कच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टिटवीनं अंडी घातली. घरटं कसलं, वॉटरप्रूफिंगवाल्यांनी टाकून दिलेल्या खडीत नुसता खळगा आणि त्यात मातकट रंगाची चार अंडी. कपडे वाळत घालायला गेले की मी पाण्याच्या टाकीआडून बघायचे. भर उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी असायची. चोच उघडी, पण हलायचं नाव नाही. माझ्यासारखीच गं तू, असं मी मनात म्हणायचे.

एके दिवशी अकराच्या सुमारास ती उठली आणि सरळ उडून गेली. मागं वळूनही बघितलं नाही. मला असा संताप आला! "गेली मेली टाकून," मी मोठ्यानं म्हणाले.

शेजारी सुकट वाळवत बसलेल्या पार्वतीकाकी हसल्या. काकी मूळच्या इथल्याच, तरुणपण मिठागरात गेलेलं, तिथे टिटव्या पाहिलेल्या. "टाकून न्हाय गेली गं. त्यो बघ, नर आलाय. आता त्याची पाळी हाय."

टाकीखालच्या डबक्यात दुसरी टिटवी पोट भिजवत होती. मग तो नर ओल्या पोटानं तुरुतुरु आला आणि अंड्यांवर बसला. तापलेल्या अंड्यांना केवढा गारवा मिळाला असेल!

मग मी रोज अकराला जायला लागले. नराची तऱ्हा वेगळीच. तो उलट्या दिशेला तोंड करून बसे, उगाच खडे मागं भिरकावी, चोचीनं अंडी सरकवी. मला वाटे, मादी आली की ह्याला चांगलंच फैलावर घेणार. पण ती आली की तो उठे आणि ती बसे, एवढंच. त्यानं सरकवलेलं अंडं तिनं एकदाही परत जागेवर नेलं नाही. इथे सुयोगनं लावलेली उशी तो खोलीबाहेर पडायच्या आत मी पुन्हा लावते.

"काकी, हिला त्याचा एवढा भरवसा कसा वाटतो हो?"

"भरवसा कसला? भूक लागते तिला. उपाशी मेली तर अंडी कोन उबवंल?"

मी खाली आले आणि सुयोगला म्हटलं, "टाक सुट्टी."

चार पानं भरून सूचना लिहून ठेवल्या. ऑपरेशन झालं आणि आठ दिवस मी दहिसरला बहिणीकडे राहिले. तिथून फोन करकरून सुयोगला भंडावून सोडलं.

नवव्या दिवशी काळा चष्मा लावून घरी आले. हे खुर्चीत बसले होते. दाढी अर्धवट, शर्टाची बटणं वरखाली. आणि डाव्या हातात चहाचा कप, लुळ्या उजव्या हाताचा खालून टेकू दिलेला. कप थरथरत होता.

"अरे, सांडेल!" मी धावले.

"सांडतो की," सुयोग म्हणाला. "पहिल्या दिवशी अख्खा सांडला, मग अर्धा. का, बाबांना धरता येत नाही का? तू लिहिलंच नव्हतंस."

नव्हतंच लिहिलं. दीड वर्षात मी ह्यांच्या हातात कधी कप देऊनच बघितला नव्हता. मला भयंकर लाज वाटली, आणि तितकाच आनंदही झाला. डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हटलं होतं, म्हणून अश्रू तसेच वाहू दिले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कप हळूच बशीत ठेवला. थोडा चहा सांडला, त्याची त्यांना पर्वा नव्हती. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "वासंती... बस. तू पण... घे."