कडेला नेलेला कंदील

मुलांनो, अशी कल्पना करा. जमिनीत एक घागर गळ्यापर्यंत पुरली आहे. नुसतं तोंड वर, बाकी सगळं पोट मातीखाली. आता ती मोठी करा. अजून मोठी. तुमचा अख्खा वर्ग, बाई आणि फळा मावेल एवढी. झाली? तिच्यात हळद भरा आणि तोंड बंद करून वर माती लिंपा. सांगलीजवळ हरिपुरात हळद अशीच साठवत. त्या घागरीला म्हणायचं पेव.

आता पेवाच्या तोंडापासून चार पावलांवर श्रद्धाला उभी करा. वय अकरा, दोन वेण्या, गाल फुगलेले. का फुगलेले, ते आधी सांगतो.

साल १९९४. श्रद्धाची आई त्रिशला सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वडील पायगोंडा, म्हणजे श्रद्धाचे अण्णा, सातवीत नापास झाले, पेवांच्या कामाला लागले आणि तिथेच राहिले. लग्नानंतरही त्रिशलाचं शिक्षण चालू होतं. तेव्हा रोज पहाटे सायकलवरून तिला स्टँडवर सोडायला पायगोंडाच जायचे.

त्या फेब्रुवारीत साताऱ्याच्या कॉलेजातून आईला मोठ्या जागेवर बोलावणं आलं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. साताऱ्यात पेवं नव्हती. पायगोंडा एवढंच म्हणाले, "तू जा. पोरीला बी ने. माझ्यापायी अडू नगंस."

तेवढ्यात शिरवळची मावशी आली. भाजी निवडता निवडता ती आईला म्हणाली, "बरंच झालं म्हणते मी. इतकी वर्षं तू त्यांच्याशी बोलतेस तरी काय गं? हळदीचा भाव?"

आई हसली नाही. पण तसं काही नाही, असंही म्हणाली नाही. दाराआड श्रद्धा होती. पूर्वी ती आपली वही अण्णांना दाखवायची, त्यांना गणित कळो न कळो. त्या दिवसापासून तिचे गाल फुगले आणि वही दाखवणं बंद झालं. आईच अण्णांशी बोलत नसेल, तर मी तरी का बोलू? पण आई खरंच अण्णांना सोडून जाईल का, हा प्रश्न काही तिच्या मनातून जाईना.

रविवारी सकाळी दोघी अण्णांचा डबा घेऊन हरिपुरात आल्या. एक पेव आदल्या दिवशी निम्मं रिकामं करून संध्याकाळी झाकलं होतं. आज पुन्हा उघडलं होतं. व्यापारी आप्पासो ट्रकपाशी घाई करत होते. आत उतरायला गुंडा नावाचा गडी कमरेला दोर बांधून तयार होता. पायगोंडांनी पेटता कंदील दोरानं खाली सोडला. पेवात वाईट हवा असली की कंदील विझतो, मग माणसानं उतरायचं नसतं.

कंदील हळदीच्या ढिगावर टेकला. चांगला जळत होता.

"चला, उतरा!" आप्पासो म्हणाले.

"थांबा जरा."

"आता काय मुहूर्त बघताय? आवं, त्रिशलाताई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा ह्यास्नी."

आईनं वाकून पाहिलं. "अहो, ज्योत स्थिर आहे. हवा चांगली आहे. उतरू दे की त्याला."

गुंडानं एक पाय आत घातला. पायगोंडांनी त्याचा दंड धरला. "काढ पाय." मग ते पोटावर आडवे झाले आणि दोराला झोके देत कंदील कडेला नेला. ढिगाच्या पलीकडे, अंधारात, तो खाली खाली गेला. आणि फट्कन विझला.

गुंडा तिथंच मातीत बसला. आप्पासोंनी टोपी काढली. आईचा चेहरा पांढरा पडला होता. "मी त्याला उतर म्हणाले," ती पुटपुटली. मग म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठं? काल गुंडानं कडंची हळद काढून पोती भरली. तितं खड्डा पडला आसंल, एवढंच ध्येनात आलं. मला कळत न्हाई, म्हणून तर कंदिलाला इच्यारायचं."

"जड हवा आहे ती," आई सावकाश म्हणाली. "खड्ड्यात साठते. पाण्यासारखी."

"पाण्यावानी?" पायगोंडा उठूनच बसले. "मग उपसता ईल की गं!"

आई बघतच राहिली. "येईल. खरंच येईल. पण बादलीनं किती वेळ लागेल?"

"बादली कशाला? घोंगडं सोडू. वर-खाली केलं की ढवळंल."

"पण कडेला, मधे नको."

"व्हय, कडंलाच!"

तासभर दोघं दोराला होती. जड हवा येते कुठून, इथंपासून दोर कुठे धरायचा, इथंपर्यंत दोघांची तोंडं बंद नव्हती. आप्पासो म्हणाले, "माझा ट्रक हुबा हाय, आन् ह्यांची शाळा भरलीया!" आई मोठ्यानं हसली. श्रद्धाला मावशीचा प्रश्न आठवला. मावशी इथं असायला हवी होती, असं तिला फार वाटलं.

घोंगडं वर आल्यावर आई पदरानं हात पुसत म्हणाली, "मी साताऱ्याला हो कळवणार आहे."

पायगोंडांनी मान खाली घातली. "बरं."

"बरं काय? ऐका तरी पुढचं. शनिवारी मी घरी येणार, दर शनिवारी. श्रद्धा शाळा इथंच पुरी करेल. आणि पेवांचं काम थंडावलं की तुम्ही माझ्या वर्गात यायचं. कंदील घेऊन."

"मी? सातवी नापास?"

"माझ्या पोरांना उत्तरं सगळी येतात. थांबून विचारायला मी शिकवलं नाही. मलाच येत नव्हतं."

पायगोंडांनी कंदिलाची काच पुसली, वात पेटवली आणि पुन्हा खाली सोडायला दोर हातात घेतला.

श्रद्धा ती चार पावलं चालून आली, अण्णांच्या शेजारी पोटावर आडवी झाली आणि म्हणाली, "अण्णा, कडेला कसा नेतात? मला दाखवा." मग तिनं दोर हातात घेतला.