खिडकीखालचा जर्दाळू गुलाब

आईच्या खिडकीखाली माझे गुलाब होते: एक काळसर तांबडा, एक दुधी, आणि पाकळीच्या कडेला जांभळट रेघ असलेला एक लाजरा. पाय अधू झाल्यापासून ती त्याच खिडकीशी बसे; पण तिची नजर त्यांच्यावरून घसरून कुंपणाजवळच्या रोपावर जाऊन थांबे. ते दादाने सुट्टीत येऊन लावले होते. जर्दाळूच्या रंगाचे एकच फूल त्याला आले, आणि आईच्या बोलण्यात दुसरा विषय उरला नाही.

"मोठ्याचं रोप काय म्हणतंय रे?" मी पाणी घालून वर येताच ती विचारी. माझी रोपेही काही म्हणत असतील, हे तिच्या कधी मनातच आले नाही.

पुढच्या सुट्टीत दादा कात्री घेऊन अंगणात उतरला. रोपाच्या बुडातून निघालेली एक फांदी पुरुषभर उंच गेली होती; शेजारची बारकी मात्र खुरटली होती.

"दादा, उंच फांदी काढ. ती कलमाच्या सांध्याखालून आलीय, रानगुलाबाची आहे. तुझा गुलाब म्हणजे ही बारकी."

"ही?" तो हसला. "जन्मभर किडकिड्यांचीच वकिली कर तू! आई, ऐकलंस का, धाकटा मला छाटणी शिकवतोय!"

"त्याला करू दे रे," आई वरून म्हणाली, "त्याच्या हाताला गुण आहे."

कात्री वाजली. बारकी फांदी पाचोळ्यात पडली.

दादा हात धुवायला गेल्यावर मी ती उचलली. तिच्यावरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला बारीक कोंब, सालीसकट अलगद सोलला, माझ्या दुधी गुलाबाच्या फांदीला चीर देऊन आत बसवला आणि पट्टीने बांधला. ते फूल माझ्या झाडावर उमलावे आणि आईने एकदा तरी मला कौतुकाने हाक मारावी, एवढेच मला हवे होते.

हंगाम आला. दादाच्या रोपावर पाच पाकळ्यांची फिकट रानफुले आली, आणि एका सकाळी माझ्या दुधी गुलाबांत जर्दाळूचा रंग उघडला.

"धाकट्या! लवकर ये!"

मी धावतच वर गेलो. खिडकीचे गज धरून आई उभी राहू पाहत होती.

"बघ, मोठ्याचा गुलाब थेट माझ्या खिडकीपाशी आलाय! फोन लाव त्याला."

"आई, ते झाड..."

"लाव ना रे आधी!"

मी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असताना फुलाकडे पाहत राहिलो. ते सुंदर होते, आणि ते दादाचेच होते.