आधी जीव, मग कागद, मग साबण

"हात लावू नकोस त्या परकराला!"

मी ओरडले तशी नवख्या नर्सच्या, विजयमालाच्या हातातून बादलीच निसटली. पोरांच्या वॉर्डात पाणीच पाणी झालं. होऊ दे म्हटलं.

खाटेवर सहा वर्षांची बायडी पालथी पडली होती. दोन्ही मांड्या मागच्या बाजूनं भाजलेल्या. तिचा चुलता बन्सी दारातून एकच पालुपद लावून होता, "चुलीत पडली वो बाई. लई वांड हाय. मलम लावा, आमाला यष्टी गाठायचीय."

आमच्या मिशन दवाखान्याची जुनी शिस्त अशी, की पोर आलं की आधी कार्बोलिक साबणानं न्हाऊ घालायचं आणि कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे. या स्वच्छतेचा आम्हा नर्सांना भारी तोरा. मलाही होता. चार वर्षांपूर्वी, अडुसष्ट साली, खर्डा गावाकडची मार खाल्लेली एक पोर मी अशीच लख्ख धुतली. फौजदारांनी कपडे मागितले, तर मी इस्त्रीची घडी पुढे केली! पुरावाच उरला नाही, पोर घरी परत गेली. दुसऱ्या खेपेला आणली तेव्हा ती वाचली नाही. चूक माझी होती. मी ती कुणापासून लपवत नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी नव्या मुलींना शिकवायला बसते. डॉक्टर चिडवायचे, "मरियासिस्टर, नर्सा घडवताय की हवालदार?" हसा, खुशाल हसा. आधी जीव, मग कागद, मग साबण. आणि पोर बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपलं शहाणपण त्यात कालवायचं नाही.

मी सांगितलं तसा विजयमालानं परकर अलगद सोडवला, जखमा धुतल्या, त्यांची मापं घेऊन आकृती काढली आणि मगच पट्ट्या बांधल्या. परकर कोरड्या कागदात गुंडाळून वर तारीख, वेळ, सही घातली. मग बन्सीला बाहेर काढून ती बायडीजवळ नुसती बसून राहिली. एकही प्रश्न विचारला नाही. बऱ्याच वेळानं पोर आपणहून बोलली, "काकीनं उलथनं लावलं. म्या भाकर खाल्ली म्हून."

विजयमालानं तस्संच लिहिलं. अक्षरही वळणदार.

मी पोलिसांना कळवलं. महिन्याभरानं नगरच्या कोर्टात प्रश्न एवढाच होता, की आईबाप नसलेली ही पोर बन्सीच्या घरी जाणार, की नेवाशाच्या मावशीकडे, गोजरबाईकडे.

बन्सीचा वकील विजयमालावर तुटून पडला. "भाजलेल्या लेकराचे कपडेसुद्धा धुतले नाहीत? ही तुमची सेवा?"

"जखमा लगेच धुतल्या, साहेब. परकर धुतला नाही."

"पोर चुलीत पडली नाही, असं म्हणायचंय?"

"ते मी कसं सांगू? मी तिथं नव्हते. परकर कुठंच जळलेला नाही, एवढं सांगते. आणि मांड्यांवरचे भाजल्याचे सगळे डाग एकाच मापाचे आहेत."

वकिलानं कागद फडकवला. "'म्या', 'म्हून'! शिकलेल्या नर्सनं हे असलं लिहिलं?"

"लिहिलं मी, साहेब. बोलली ती."

मॅजिस्ट्रेटांनी परकर उलटसुलट करून पाहिला, आकृतीशेजारी ठेवला. बायडी मावशीच्या ताब्यात गेली. खरं सांगते, माझी छाती अशी फुगली की पोलक्याची बटणं तुटतात की काय!

नेवाशाच्या यष्टीपाशी गोजरबाई पाया पडायला वाकली. "सिस्टर, तुमचं उपकार फिटायचं न्हाईत."

"उठा आधी. दर बुधवारी जखमा दाखवायला आणा, तेवढं करा."

यष्टी सुटली. बायडी मावशीला बिलगून बसली होती, तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. विजयमालाच्या डोळ्यांना धार लागली. "रडतेस काय, वेडे!" मी खेकसले आणि माझा रुमाल तिच्या हातात कोंबला.

गुरुवारी मी खडू विजयमालाच्या हातात दिला. "शिकव."

"सिस्टर, मी?"

"मग काय वकिलाला बोलावू?"

ती फळ्याकडे वळली. मी मागच्या बाकावर नव्या मुलींमध्ये जाऊन बसले, चष्मा लावला, आणि ती लिहील तसं वहीत उतरवून घेऊ लागले.