चार मोठे टायर आणि मी स्टेपनी

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पण माझ्यावरची नक्षी अजून नव्यासारखी आहे. कारण मी फारसा धावलोच नाही. कारखान्यातून आम्ही पाच भावंडं एकाच मापाची निघालो. एका छोट्या एसयूव्हीच्या चाकांवर चौघं बसली आणि मी डिकीच्या तळाशी, मॅटखाली, आडवा झालो. मला स्टेपनी म्हणतात.

गाडी डोंबिवलीच्या सुशांत आणि रुचिताची. सुशांतची आई शेवंतीबाई मूळच्या कोकणातल्या. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायामाच्या उपचारांसाठी त्यांना ठाण्याला नौपाड्यात न्यावं लागू लागलं. वाटेत खड्डा आला की त्या "आई गं!" म्हणून सीट घट्ट धरत. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरवडायचं. ते ऐकून सुशांतचा चेहरा उतरायचा.

माझी चारही भावंडं झिजली तेव्हा सुशांतनं ठरवलं, आता मोठेच टायर घालायचे. मानपाड्याच्या दुकानात दौलतशेटनं दोन मापं दाखवली. एक आमच्यापेक्षा थोडंसं उंच, दुसरं चांगलंच उंच आणि रुंद.

"हे दुसरे घ्या साहेब. गाडी वाघासारखी दिसेल."

"स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासणार नाहीत ना?" रुचितानं विचारलं.

"नाय हो मॅडम, आपण कितीतरी गाड्यांना बसवलेत."

सुशांतला तर ते पाहताक्षणीच आवडले होते. "आईला जेवढे मोठे तेवढे बरे," तो म्हणाला.

माझी भावंडं भंगारात गेली. मला मात्र त्यांनी ठेवलं. सोसायटीत गाडीचं कौतुक झालं, मुलांनी टेकून फोटो काढले. पुढे सगळे मिळून कल्याणला बारशाला निघाले. गाडी भरलेली, आणि वळणावर पुढून घर्रकन आवाज आला.

"ऐकलंस?" रुचितानं विचारलं.

"नवे आहेत. बसतील जागेवर," सुशांत म्हणाला आणि त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

मी तळाशी पडून ऐकत होतो, मित्रांनो. पण स्टेपनीला तोंड कुठे असतं?

मग एका सकाळी शेवंतीबाईंना नौपाड्याला नेताना शीळ रस्त्यावर वळण घेतलं आणि फट्ट! गाडी डावीकडे ओढली गेली. सुशांतनं ती कशीबशी कडेला घेतली. मागून येणारा डंपर भोंगा वाजवत अगदी जवळून गेला. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक घासून फाटलं होतं. त्यातून बाहेर आलेल्या स्क्रूनं टायरची कड चिरली होती.

चाक बदलायचं तर शेवंतीबाईंना उतरवणं भाग होतं. शेजारच्या रोपवाटिकेतून रुचितानं खुर्ची मागून आणली. सासूबाई तिचा खांदा धरून हळूहळू बसल्या. बसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी ऊन लागलं!

"हवा आहे ना त्यात?" रुचितानं विचारलं.

सुशांतनं मला दाबून पाहिलं. हवा अर्धीच होती. मला कधी कुणी तपासलंच नव्हतं. पुढे पंक्चरवाल्याकडे हवा भरेपर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं गेली. एका बाजूला मी ठेंगणा, दुसऱ्या बाजूला तो उंच नवा टायर. गाडी कललेली, पण मी सगळा भार पेलला.

नौपाड्याला पोहोचल्यावर सुशांत खाली मान घालून म्हणाला, "आई, चुकलं माझं. तुझ्यासाठीच घेतले होते गं."

"माका ठाऊक आसा रे," शेवंतीबाई म्हणाल्या. "पण माझ्यासाठी घेतलेस, तर माका गाडीत बसवून एकदा वळवून बघायचं होतंस. गो रुचिता, तू इचारलंस ना तेव्हा? ह्यानं तुझा ऐकूक व्हया होता."

त्या आठवड्यात तिघंही दुकानात गेले. मोठे टायर उतरले, थोडेसेच उंच असलेले चढले. शेवंतीबाई मागे बसल्या, वजनासाठी दुकानातली दोन माणसंही बसवली. सुशांतनं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि रुचितानं वाकून चाकाभोवतीची जागा पाहिली. कुठेच घासत नव्हतं. मग मला डिकीत ठेवण्याआधी तिनं माझ्यातलीही हवा तपासून घेतली.

मित्रांनो, टायर निवडाल तेव्हा केवळ रुबाब पाहू नका. गाडीत जे बसणार त्यांना बसवून बघा, आणि कुणी शंका काढली तर ती ऐका. आणि मॅटखाली निमूट पडलेल्या आमच्यासारख्यांनाही अधूनमधून हवा द्या. न वापरलेला टायर नवाच राहतो असं नाही. आमचंही रबर म्हातारं होतं.

परवा आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो. खड्डे तेवढेच होते. गाडी थांबली तेव्हा शेवंतीबाईंना जाग आली. त्या म्हणाल्या, "इलो काय नौपाडो?"