वजनाचा शिक्का

गादीच्या कारखान्यात वर्षातून एकदा डॉक्टर यायचे आणि त्यांच्यासोबत छाती तपासायचं, फुंकायचं मशीन घेऊन एक बाई. कामगार बायका तिला फुंकवाली म्हणत. नळीत जीव खाऊन फुंकायला लावायचं, कागदावर रेघ उमटली की खाली सही करायची, एवढंच तिचं काम. दम लागण्याचं कारण डॉक्टर लिहायचे. पण तिच्या सहीशिवाय कागद चालत नसे.

यंदा पहिली आली पिंजणखात्यातली डबलबेड. ब्याण्णव किलोंच्या बाईला गादी कारखान्यातल्या मैत्रिणींनी दुसरं काय नाव द्यावं!

"धुळीचा त्रास आहे असं लिहून आलं, तर मला शिवणखात्यात घेतील, बाई," ती म्हणाली. "जिना चढताना जीव नरड्याशी येतो." मग खोकून तिने रुमाल उघडून दाखवला. थुंकीत कापसाचे राखाडी धागे होते. फुंकवालीने नळी पुढे केली.

डबलबेडने फुंकलं. रेघ वर गेली, मधेच खचली आणि रखडत रखडत खाली आली. वजनाने छाती दबते, श्वास थोडका मावतो, हे खरंच. पण मावलेला असतो तो झटकन बाहेर पडतो. हा तर आत अडकत होता.

फुंकवालीने सहीसाठी कागद ओढला, तर कारणाच्या रकान्यात जांभळा शिक्का तयार होता: 'वजन कमी करावे.'

"डॉक्टर, तुम्ही अजून रेघ बघितली नाहीत!"

"रेघ कशाला? बाईच बघा ना," डॉक्टर खिदळले. मालकाने पाठवलेले खारे काजू खाऊन ते बोटं चाटत होते. त्याच बोटांनी पुढचा कागद उचलला. "सगळ्या गठ्ठ्यावर सकाळीच मारून ठेवलेत. वेळ वाचतो."

याच माणसाच्या कागदांवर आपण सहा वर्षं डोळे मिटून सह्या केल्या, या विचाराने फुंकवालीला स्वतःचीच किळस आली.

पुढची आली काडी. वजन अडतीस किलो. खातं तेच, खोकला तोच. कागदावर शिक्काही तोच.

डबलबेडने वाकून वाचलं. "अगं बाई! आता हिची काय हाडं काढून ठेवायची?" दोघी हसल्या आणि हसता हसता खोकत सुटल्या.

डॉक्टरांचं तोंड जरासं पडलं. मग त्यांनी पेन काढलं, 'कमी करावे' खोडलं आणि वर लिहिलं, 'वाढवावे.'

"कमी वजनानेही दम लागतो. करा सही."

फुंकवालीने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. एक रेघ मोठी, एक लहान. खचत होत्या मात्र अगदी सारख्या. तिने दोन्हींवर लिहिलं, 'हा दोष वजनाचा नाही. कापसाची धूळ तपासावी,' आणि खाली ठसठशीत सही केली.

"पुढच्या वर्षी मी दुसरी बाई आणीन," डॉक्टर म्हणाले.

"आणा. आज मीच आहे." तिने शिक्के मारलेला उरलेला गठ्ठा त्यांच्या काजूच्या बशीवर आपटला. "मला कोरे कागद द्या." मग दाराशी बसलेल्या मावशींना हाक मारली, "मावशी, पुढचीला आत पाठवा."